राजीनामा

नरसिंहानं खाल्ल्या घरचे वासे मोजले, असं सुनेत्राबाई भाजी निवडताना रोज एकदा तरी म्हणत. वर पुस्ती जोडत, "मोजणारच. मोजण्याचाच तर धंदा त्याचा!"

धंदा त्यांच्या अविनाशचाही तोच होता. कारखान्याचा नकाशा घ्यायचा, दिवे किती, पंखे किती, केबल किती लागेल ते काढायचं आणि विजेच्या कामाचा दर लावून टेंडर भरायचं. नोएडात तेव्हा जिकडे बघावं तिकडे नवे कारखाने उठत होते. परदेशी कंपन्या येत होत्या. कोहलीसाहेबांच्या ऑफिसात हे काम दोघेच करत, अविनाश आणि नरसिंह. दोघे राहायलाही मयूर विहारच्या एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर. रविवारी नकाशा सुनेत्राबाईंच्या जेवणाच्या टेबलावर पसरायचा. केबलची वाट मोजायला दोरा त्यांच्याच शिवणाच्या डब्यातला. मग नरसिंह तिथेच थालीपीठ खायचा आणि दुसरं हक्कानं मागून घ्यायचा.

आणि त्यानंच घात केला. टीव्हीच्या कारखान्याचं काम दुसऱ्याच ठेकेदारानं केसभर कमी दरानं उचललं. तेही चाललं असतं. पण या दोघांनी जनरेटरची खोली चुकून दोनदा धरली होती, आणि त्या ठेकेदाराच्या टेंडरातही ती दोनदाच निघाली. तीच चूक दोन घरी जन्माला येत नाही. दर फुटले होते, आणि ते दोघांशिवाय तिसऱ्याला माहीत नव्हते.

"नरसिंहाचं नाव पुढे आलंय," अविनाश घरी येऊन म्हणाला आणि न जेवताच झोपला.

त्या दिवसापासून जिन्यात नरसिंह दिसला की सुनेत्राबाई तोंड फिरवत. तोही मान खाली घालून वर निघून जाई. वर बघायला तोंड हवं ना! एकदा त्याची बायको हेमांगी वाटी घेऊन विरजण मागायला आली.

"आमचं विरजण तुमच्याकडे लागायचं नाही गं," सुनेत्राबाई दारातूनच म्हणाल्या. "दूध आधीच नासलंय."

हेमांगी आल्या पावली परत गेली.

"आई, तिला कशाला बोलतेस?" अविनाश आतून म्हणाला. "विषय सोड ना, प्लीज."

सुनेत्राबाईंना भरून आलं. पाठीत सुरा खाऊन वर त्याचीच कणव! अगदी बापावर गेलाय. स्वयंपाकघरात सून पोळ्या लाटत होती.

"वीणा, तू का तोंडात मूग धरून बसलीस? नवऱ्याच्या बाजूनं दोन शब्द बोलशील की नाही?"

"काय बोलू, आई?" वीणा म्हणाली. तव्यावरची पोळी करपली.

मग एका दुपारी ऑफिसातल्या शर्माजींचा फोन आला.

"माताजी, अविनाशजी हैं?"

"नहीं हैं. मेरेको बोलो."

"उनसे कहिएगा, नरसिंहजी ने राजीनामा कर लिया. अब चिंता की कोई बात नहीं."

सुनेत्राबाईंची हिंदी भाजीवाल्याशी भांडण्यापुरती होती, पण हा शब्द तर आपलाच! त्यांनी पेढे मागवले. संध्याकाळी नरसिंहाची स्कूटर वाजली तशी त्यांनी बशी उचलली.

"आई, वर जाऊ नका," वीणा आडवी आली. "हे येऊ देत आधी."

"का? चोराला पेढा कडू लागतो?"

दार नरसिंहानंच उघडलं. तो पाया पडायला वाकला, तर सुनेत्राबाईंनी पाय मागे घेतले.

"तोंड गोड कर. नोकरी सोडलीस ना?"

"मी? कोण म्हणालं, काकू?"

"शर्माजींचा फोन होता. राजीनामा दिलास म्हणे."

 नरसिंह हलकेच म्हणाला, "काकू, नोकरी सोडली की इथे इस्तीफा म्हणतात. इथला राजीनामा म्हणजे समेट. पोलिसातली तक्रार मागे घेतली, एवढंच झालं."

"तुझ्यावरची तक्रार तू कशी मागे घेणार?"

"माझ्यावरची नव्हती. मी केलेली होती. माझं नाव खोटंच घेतलं, म्हणून."

हेमांगी पाणी घेऊन आली. तिच्या हातातला पेला कुणीच घेतला नाही.

"कुणावर केली होतीस?"

 "जाऊ द्या, काकू. तुमच्याकडे बघून मागे घेतली."

खालच्या मजल्यावर दार वाजलं. कुणीतरी घरी आलं होतं. सुनेत्राबाईंनी पेढ्यांची बशी हेमांगीच्या हातात दिली, पदर नीट केला, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नरसिंहा, चुकलास तू. माझ्या अविनाशला सोडायला नको होतंस."