मृताची भूमिका

भूकंपात गंभीर जखमीला लाल आणि मृताला काळं कार्ड बांधायचं, हे यज्ञेश्वर सरांनी मदतसंस्थेच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना महिनाभर न कंटाळता शिकवलं. चाळीस वर्षं चौथीचे वर्ग घेतलेला माणूस. मुलाला उत्तर आठवेना की यांचाच जीव कासावीस व्हायचा.

शेवटच्या दिवशी वाघोलीतल्या एका आयटी कंपनीच्या पार्किंगमध्ये परीक्षा होती. पास होईल त्यालाच कायमची नोकरी. एक माणूस कमी पडला, म्हणून मृताची भूमिका करायला सर स्वतःच फरशीवर आडवे झाले.

परीक्षेला बसलेली हिरा त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसली. तिने श्वास तपासला, नाडी पाहिली. पण कार्ड उचलताना तिचा हात घुटमळला. सरांना राहवेना. डोळे मिटूनच ते पुटपुटले, "काळं, बाळ, काळं!"

परीक्षक डॉक्टरबाईंनी ते नेमकं ऐकलं.

"अहो हिराताई, हे तर बोलतायत. मग काळं कार्ड कसं देणार?"

हिराने सरांच्या मनगटाला काळं कार्ड शांतपणे बांधलं.

"मॅडम, सर गेलेत. शिकवायची खोड तेवढी मागे राहिलीय."