लोकापेलचं शून्य

लोदवारच्या कचेरीत माझं काम एकच. गावोगावच्या बायका फोनवर कळवतील ते तक्त्यात भरायचं: गुरं पळवली, गोळीबार झाला, माणूस मेला. खबर वेळेत आली, तर गुरांवरून भांडणाऱ्या दोन्ही जमातींच्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवून पुढचा रक्तपात टाळता येतो.

लोकापेल गावापुढे सलग तीन महिने शून्य होतं. नैरोबीच्या बैठकीत मी ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. टाळ्या पडल्या, आणि त्या मी मान तुकवून घेतल्या.

म्हणून तिथून खबर देणाऱ्या नाकिरूसाठी शाल आणि तिच्या सासूसाठी तंबाखू घेऊन परवा लोकापेलला गेलो. सासू झोपडीबाहेर एकटीच बसली होती.

"नाकिरू कुठंय, आई? नाव काढलं तिनं गावाचं."

म्हातारीनं तंबाखूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पलीकडचे लोक गुरं न्यायला आले, तेव्हा तुला फोन करायला टेकडीवर चढली ती. खाली रेंज कुठं असते? तिथंच गोळी घातली तिला."

"कधी?"

"तीन महिने झाले. नंतर आणखी दोनदा येऊन गेले ते."

"मग कुणी कळवलं कसं नाही?" मी विचारलं. हो, हेच विचारलं मी.

"गावात फोन एकच, तो तिच्याबरोबरच गेला, पोरा," म्हातारी म्हणाली. "आम्हाला वाटलं, तिचा फोन येत नाही म्हणून तरी तू येशील."