सगळ्यांना बसणारी मोजडी

"निदान आज तरी एक शरीर भाड्यानं घे," आई म्हणाली.

"नाही. आज मी माझ्याच अंगानं जाणार," म्हणत रेणुकानं चाकांची खुर्ची दुकानाकडे वळवली.

परवा मैत्रिणीच्या लग्नात ती भाड्याच्या शरीरात ओजस नावाच्या अनोळखी तरुणाबरोबर मनसोक्त नाचली होती. मुदत सातला संपणार म्हणून पळताना एक मोजडी मागे राहिली. आता तीच मोजडी घेऊन ओजस तिला शोधत शरीरं भाड्यानं देणाऱ्या दुकानात बसला होता. तिथली सगळी शरीरं एकाच साच्यातली. त्यामुळे जी येई तिच्या पायात मोजडी चपखल बसे, आणि तो आणखीच गोंधळून जाई.

रेणुका सरळ त्याच्यापुढे जाऊन थांबली. तिच्या काटकुळ्या पायातून मोजडी लगेच गळून पडली.

"बसत नाही हो," तो ओशाळून म्हणाला.

"बसणारच नाही. हे पाय जन्मात चाललेले नाहीत. म्हणून तर परवा नाचताना चार वेळा तुमचा पाय तुडवला."

ओजसनं आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पाच वेळा," तो म्हणाला. "पाचव्यांदा तुम्ही माफी मागितली नाहीत, नुसत्या हसलात."