आधी भिजवायचं असतं

डॉक्टर दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून त्यांनी तिच्या उजव्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान बसलंय."

तीस वर्षं बायकांचे कपडे बेतणाऱ्या शिंपिणीला हे ते सांगत होते.

कॅन्सर झालेला स्तन काढून त्याच ऑपरेशनमध्ये त्यांनी तिथे नवा बसवला होता. नंतर पंचवीस दिवस रेडिएशन झालं. कातडी भाजली, सोलली, काळवंडली, ते सगळं तिने सोसलं. सांगितलेलं क्रीम लावलं, घट्ट कपडे टाकून दिले, भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ केला. हात जिथवर जाई तिथे ती शिवणाच्या खडूने खूण करायची. महिनाभर त्या खुणा वर चढायच्या सोडून खाली उतरत होत्या. नवा स्तन आत आवळून दगड झाला होता आणि कात्रीचा हात टेबलाच्या पलीकडच्या कडेला पोचत नव्हता. हात गेला की दुकान गेलंच.

धीर धरा, म्हणाले डॉक्टर. ज्याचं दुखत नाही त्याला धीर सांगायला काय जातं? सोबत आलेली नणंदही कानाशी लागली, वहिनी, डॉक्टर म्हणतायत ना, मग झालं.

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं: परिणाम उत्तम. तिने वाकून ते वाचलं आणि तिचं डोकं सणकलं.

"रेडिएशन द्यायचंय, हे नवा बसवायच्या आधीच ठरलं होतं ना?"

डॉक्टर हो म्हणाले.

"आणि रेडिएशनने तो आवळतो, हे माहीत होतं?"

काही जणींच्या बाबतीत होतं तसं, ते म्हणाले, संमतीपत्रात लिहिलेलं असतं. असेलही. ऑपरेशनच्या सकाळी, चष्मा काढून घेतल्यावर, तिच्यापुढे अकरा पानं धरली होती. त्यातल्या एखाद्यावर असेल.

"आम्ही कापड आधी भिजवतो, डॉक्टर. आटायचं तेवढं आटू देतो, मगच कात्री लावतो. एखादीला घाई असली तर तोंडावर सांगतो, बाई, न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आखडेल. मग तिचं तिने ठरवावं. एवढं तर आमच्यातला नवशिकासुद्धा सांगतो."

नणंदेने कोपराने डिवचलं. तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टर जरा हसले. कापड आणि शरीर यात फरक असतो, म्हणाले.

"असतो ना. कापड बिघडलं तर मी नवं आणून देते."

हसू थांबलं. तिने गाऊनचे बंद एका हाताने बांधले, दुसरा मागे जातच नव्हता.

"ते उत्तम खोडा," ती म्हणाली. "हात वर जात नाही, असं लिहा. आणि आता यावर काय करणार, तेही लिहा."

डॉक्टरांनी पेनाकडे हात लांबवला. पांढऱ्या कोटाची बाही मनगटाच्या चार बोटं वर अडकली होती.

"हा न भिजवता शिवलाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बाही खाली ओढून पाहिली. ती आली नाही. मग त्यांनी फाइल जवळ घेतली आणि 'उत्तम'वर रेघ मारली.