पथ्य

वर्षभर बायकोजवळ गेलं की शरीर साथ का देत नाही, ते विलासला त्या दिवशी विरारच्या डॉक्टरांकडे कळलं.

"शुगर वाढली की होतं असं. लाजताय काय? पथ्य पाळा, गोळ्या घ्या, फरक पडेल."

घरी येऊन त्याने खालमानेनं सगळं सांगून टाकलं. आता ही काय म्हणेल, याची त्याला धास्ती होती. सुनंदा मटकन खाली बसली.

"म्हणजे तुमच्या ऑफिसात दुसरी कोणी नाही?"

"दुसरी? कोण?"

"ते मला काय ठाऊक! वर्षभर शिव्या घालतेय मी तिला."

डोळे पुसत, हसत ती आत गेली आणि साजूक तुपातला शिरा करून घेऊन आली. विलासने बशी चाटूनपुसून साफ केली.

पथ्य तेवढं सुरू करायचं राहिलं.