पपईच्या देठाची नळी

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस काही झाला नाही. देवणीकडच्या त्या गावात पाणी उरलं होतं ते केवळाबाईंच्या हौदात. नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बौद्धवाड्यातली चांगुणा यायची, घागर खाली ठेवून लांब उभी राहायची आणि केवळाबाई वरून पाणी ओतायच्या. वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती.

त्यांच्या लेकीला, सिंधूला, गुरुजींनी घरातल्या वस्तूंपासून एखादं यंत्र करायला सांगितलं होतं. तिनं पपईचे पोकळ देठ सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून लांब नळी केली. एक टोक हौदात बुडवलं, दुसरं खाली चांगुणाच्या घागरीत सोडलं.

"माय, आता वाकायचं काम न्हाई. पाणी आपोआप जातंय."

केवळाबाई हरखल्या. ना वाकणं, ना शिवाशिव. पोरीनं नाव काढलं!

पण पाणी काही येईना.

"खालच्या टोकाला तोंड लावून एकदा ओढावं लागतंय," सिंधू म्हणाली.

चांगुणा पुढं झाली, तशा केवळाबाई ओरडल्या, "तू नको तोंड लावू, चांगुणे! आमच्यात चालत न्हाई."

मग त्यांनी स्वतःच देठ तोंडात धरला आणि जीव खाऊन ओढला. तोंडभर पाणी आलं. ते थुंकून त्यांनी मोठ्या कौतुकानं धार घागरीकडं वळवली.

धार पडायच्या आत चांगुणानं रिकामी घागर उचलून कडेवर घेतली.

"राहू द्या, बाई. उष्टं पाणी आमच्यात चालत न्हाई."