रिकामं कपाट

पोटातच गेलेलं बाळ शालूबाईनं मेडिकल कॉलेजला दिलं होतं, डॉक्टर होणारी पोरं त्याच्यावर शिकतील म्हणून. दर वर्षी ती आटपाडीहून यायची, कपाटातल्या काचेच्या बरणीत त्याला डोळे भरून बघायची आणि परत जायची. यंदा कपाट रिकामं होतं.

"मॅडम, माझं बाळ कुटं हाय?"

"बरण्या काढून टाकल्या, शालूबाई," शिकवणाऱ्या दीपाली मॅडम म्हणाल्या. "गर्भाची वाढ आता मुलं ऑनलाइनच शिकतात."

"मग त्याला पुरलं कुटं?"

"नियमानं जाळावं लागतं."

"आवं, तान्ह्या लेकराला कुणी जाळतं व्हय?"

मॅडमनी टॅब उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर आईच्या पोटातलं थ्रीडी बाळ होतं, डोळे मिटलेलं, पाय मुडपलेलं. "बघा, अगदी तसंच आहे. हात लावा, काही होत नाही."

बरणीला कुणी कधी हात लावू दिला नव्हता. शालूबाईनं पदराला बोट पुसलं आणि त्याच्या गालावरून अलगद फिरवलं.

बाळ वळलं आणि तिच्याकडं पाठ करून थांबलं.